मृग ते शिमगा: महाड-पोलादपूरच्या चुलीवरचे ऋतू

सुशी जन्मली ती भाताच्या खाचरात. जपानी मानववंशशास्त्रज्ञ नाओमिची इशिगे यांनी आंबवलेल्या माशांचा आशियाभर माग काढला आणि तो त्यांना मेकाँगच्या खोऱ्यापर्यंत घेऊन गेला. पावसाळ्यात पुराच्या पाण्याबरोबर नदीतले मासे भातशेतीत शिरत आणि पाणी ओसरताना एकदम हाती लागत. एवढे मासे एका दिवसात खाऊन संपणार कसे? म्हणून ते मीठ लावून शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचे. भात आंबे आणि मासा टिके. भाताच्या शेतीमागोमाग ही रीत जपानला पोचली, असं इशिगे मांडतात. क्योटोजवळच्या बिवा सरोवराकाठी ती आजही चालू आहे. तिथे अंडी भरलेला मासा वसंतात धरतात, काही महिने मिठात मुरवतात, भर उन्हाळ्यात भातात दाबतात आणि पुढे सहा महिने, वर्ष वाट पाहतात. आंबट भाताच्या मुटक्यावर माशाचा काप हे आपल्याला ठाऊक असलेलं रूप त्यामानाने कालचं. १८२० च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ते रुजलं आणि हानाया योहेई या विक्रेत्याच्या नावाशी जोडलं गेलं.

महाड-पोलादपूरच्या स्वयंपाकावरच्या पुस्तकाची प्रस्तावना जपानातून का सुरू करायची, असं कुणी विचारलं तर उत्तर वलगणीत आहे. मृगाचे पहिले दोन-तीन जोरदार पाऊस होऊन ओढे गढूळ धावू लागले, की सावित्री, काळ, गांधारी या नद्यांतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात आणि पऱ्ह्यातून थेट खाचरात. हीच वलगण. त्या रात्री घरात कुणी झोपत नाही. बांधाच्या मोडणीला कामट्यांचा सापळा लावतात, कुणी पाग घेऊन उतरतं, पोरं नुसत्या हातांनी चाचपडतात. खवली, मळ्ये, शिंगटी, नशीब असेल तर वाम. बरोबर मुठेही येतात, भातातले खेकडे. पहाटे घरी आलेला मासा लसूण, मिरची आणि आमसूल किंवा आंबोशी घालून शिजतो, बाकीचा चुलीवर धुरात सुकतो. मेकाँगकाठच्या शेतकऱ्यापुढे जो प्रश्न होता तोच इथेही होता, फक्त आपण तो भातात दाबून सोडवला नाही. आपण धूर आणि आंबटावर भिस्त ठेवली. ज्या देशात जूनची हवा चमच्याने खावी इतकी ओली असते तिथे हे सुचणं सोपं नव्हतं.

टोकियोतल्या सुशीच्या आचाऱ्याचं ऋतुभान आज जगभर वाखाणलं जातं. ते खरंच वाखाणण्यासारखं आहे. कोहादा नावाचा लहानसा चंदेरी मासा घ्या. तो आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये ठेवायचा. पण किती वेळ, हे त्या दिवशीच्या माशाची चरबी, आकार आणि हवेतला उकाडा ठरवतो. उन्हाळ्यात त्याची बोटाएवढी पिल्लं बाजारात येतात तेव्हा एका घासासाठी दोन-तीन मासे लागतात, आणि मिनिटभराची चूकही जिभेला कळते. कात्सुओ हा मासा वसंताच्या शेवटी पहिल्यांदा येतो तेव्हा हलका असतो, शरद ऋतूत परततो तेव्हा चरबीने भरलेला. जाणकार आचारी दोघांना दोन वेगळे मासे समजतो. भाताचंही तसंच. नव्या तांदळात पाणी जास्त, तो चिकटतो आणि व्हिनेगर नीट शोषत नाही. म्हणून पुष्कळ आचारी मुद्दाम जुना तांदूळ घेतात किंवा नव्यात मिसळतात. डिसेंबर २०१३ मध्ये युनेस्कोने जपानी खाद्यपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यातही ऋतूंशी असलेलं नातं हा मोठा मुद्दा होता.

आता पोलादपूरच्या एखाद्या वाडीतल्या बाईला विचारा, नवा तांदूळ कशाला आणि जुना कशाला. ती सांगेल की नव्याची पेज गोड होते, भात मात्र गिचका. सणाच्या पंक्तीला जुनाच काढायचा. मिठाची चिमूट, आंबटाचा अंदाज, माशाची चरबी हे सगळं तिच्याही बोटांत आहे. तिला कुणी कारागीर म्हणत नाही, एवढाच फरक. हे पुस्तक त्या फरकाबद्दल आहे. टोकियोच्या आचाऱ्याला ऋतू निवडता येतो. गिऱ्हाईक त्यासाठी पैसे मोजतं. इथे ऋतू निवडीचा नव्हता. जे उगवलं, चढून आलं, पिकलं त्यावर भागवायचं होतं, आणि जे उगवायचं त्यातलं बरंचसं खाजवणारं, कडू किंवा विषारी होतं. या नाइलाजातून जे कौशल्य तयार झालं ते मला त्या दुसऱ्या कौशल्यापेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. संग्रहाचं संपादन करताना हे मत आणखी पक्कं झालं.

आधी भूगोल, कारण इथले ऋतू कॅलेंडरपेक्षा उंचीवर ठरतात. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून उतरते, महाडला गांधारीला घेते, दासगावकडे काळ नदी तिला मिळते आणि बाणकोटच्या खाडीतून ती समुद्राला भेटते. वर तेराशे-चौदाशे मीटरचं पठार आणि खाली भरतीचं पाणी, दोन्हींमध्ये एका घाटाचं अंतर. आंबेनळी घाटाने वर गेलं की महाबळेश्वर, वरंधने भोर, कशेडीने खेड. समुद्र डोळ्यांना दिसत नाही, पण खाडीने तो आत येतो. एकेकाळी गलबतं खाडीने दासगाव-महाडपर्यंत माल आणत, आणि महाडची बाजारपेठ वाढली ती त्या मालावर आणि घाटाच्या वाटांवर. मीठ, नारळ, सुकी मासळी खालून वर गेली, घाटावरची मिरची आणि गूळ वरून खाली आला. इथल्या वाटणाची चव या देवघेवीतून घडलेली आहे. नुसतं ‘कोकणी’ म्हटलं की तिची अर्धी ओळख हरवते. इथल्या कालवणात नारळ असतोच असं नाही, आणि डोंगरातल्या वाड्यांत तर तो सणाचा जिन्नस.

पाऊस मोजायचा तो नक्षत्रांनी. जपानी पंचांगाने वर्षाचे चोवीस आणि त्यांचे पुन्हा बहात्तर तुकडे केले, दर पाच दिवसांना एक छोटा ऋतू. आपल्याकडे रोहिणीपासून स्वातीपर्यंत पावसाची नक्षत्रं, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचं, आणि शेतकऱ्याचं सगळं वेळापत्रक त्यांवर. रोहिणीत राब भाजून झालेली जमीन पेरणीला तयार, मृगात पेरा, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी, हस्तात भात निसवून दाणा भरतो. स्वयंपाकघराचं पंचांग याच्याच पोटात आहे, पण ते छापलेलं कुठे मिळत नाही. कोणत्या नक्षत्रात कोणती भाजी कोवळी, कोणती जून, कोणती आता हात लावायची नाही, हे सासूकडून सुनेला आणि डोंगरातल्या कातकरी बाईकडून बाजारातल्या गिऱ्हाइकाला असं तोंडी चालत आलं.

या पंचांगातला सर्वांत अवघड जिन्नस शेवळं. पहिला पाऊस पडायच्या आगेमागे, रोहिणी-मृगाच्या सांध्यावर, जमिनीतून हे कोंब नुसतेच वर येतात, पानं मागाहून. सुरणाच्या कुळातलं हे फूल. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि चुकीचं शिजवलं तर घसा ओरबाडल्यासारखा होतो. म्हणून आधी वरचं जांभळट आवरण सोलायचं, आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाकायचा आणि उरलेलं अगदी बारीक चिरायचं. हाताला तेल किंवा चिंच लावल्याशिवाय कुणी बसत नाही. मग काकडाची फळं. ही हिरवी, आंबट, गोटीएवढी फळं शेवळांबरोबरच बाजारात येतात. विकणारी बाई बहुधा जुडीबरोबर ती देतेच. ठेचून त्यांचा रस काढायचा आणि भाजी त्यात शिजवायची. पुढे वाल घाला, सोडे घाला, कोलंबी घाला, खिमा घाला, ते घराघराचं. आंबटाने खाज मारायची ही युक्ती शोधताना किती घसे सोलवटले असतील, कुणी नोंदवलेलं नाही. एक विषारी फूल आणि त्यावरचा उतारा एकाच आठवड्यात, एकाच रानात पिकतात, आणि कुणीतरी त्यांची गाठ घालून दिली. एदोच्या आचाऱ्याने कोहाद्याला व्हिनेगर लावलं त्याच जातीची ही बुद्धी.

टाकळा याच्या उलट, अगदी साधा. त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही, रस्त्याकडेला उगवतो. पण तो नीट पाहिला तर जपानी आचारी एका जिन्नसाच्या हंगामाचे जे तीन टप्पे मानतात, आगमन, भर आणि निरोप, ते तिन्ही त्याच्यात सापडतात. मृगात दोन बोटं उंचीचा असताना पानं मेथीसारखी, नुसत्या कांदा-लसणावर परतायची. आर्द्रा-पुनर्वसूत पान मोठं आणि उग्र होतं, तेव्हा त्यात भिजवलेली डाळ किंवा ओलं खोबरं लागतं. श्रावणात पान जून झालं की बायका सोडून देतात. मग शेंगा वाळल्या की बिया निघतात, आणि त्या भाजून कुटून कॉफीसारखं पेय करायची रीत पुष्कळ ठिकाणी होती. कुर्डू, भारंगी, फोडशी, कोरळ, लोत, दिंडा, करटोली, बांबूचे कोंब, प्रत्येकाचा असा स्वतःचा आलेख आहे. भारंगीचं पान कडू, म्हणून ते उकडून पिळायचं. फोडशी मातीत लोळलेली असते, म्हणून धुण्यातच अर्धा वेळ. ही सगळी नावं इथे मोजत बसत नाही, पुस्तकात ती यथास्थित आहेत.

याच दिवसांत समुद्रातली मासेमारी १ जूनपासून दोन महिने बंद असते. बंदीचा कायदा अलीकडचा, पण खवळलेल्या समुद्राने ती आधीपासूनच घातली होती. म्हणून मे महिन्यात आगोट. श्रीवर्धन-मुरुडकडून येणारी सुकी मासळी महाडच्या बाजारात भरून ठेवायची: बोंबील, सुकट, जवळा, वाकट्या, आणि ऐपत असेल तर सोडे. मीठ, मिरची, कांद्याच्या माळा, सरपण, गोवऱ्या, आमसुलं, आंबोशी. सुक्या मासळीला आपल्या लेखनात नेहमी गरिबाची सोय म्हणून जागा मिळाली. प्रत्यक्षात सोडे ओल्या कोलंबीपेक्षा कितीतरी महाग असतात आणि चवीने वेगळेच आहेत. पावसाची झड लागलेली, शेतातून भिजून आलेली माणसं, तव्यावर भाजलेला बोंबील आणि तांदळाची भाकरी. पावसाळा सोडून इतर वेळी हेच खाऊन पाहा. गंमत येत नाही.

श्रावण-भाद्रपद सणांचे. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गणपतीला उकडीचे मोदक, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही न घातलेली भाजी. इथवर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. त्यानंतर गौरी येते आणि पुष्कळ घरांत तिला तिखटाचा नैवेद्य लागतो. कुठे कोंबडी, कुठे मटण, कुठे चिंबोऱ्या. श्रावण पाळलेला असतो, गणपती बसलेला असतो, आणि माहेरवाशीण देवीसाठी मात्र कालवण शिजतं. पुण्या-मुंबईकडचे लोक हे ऐकून दचकतात. पण भाद्रपदात शेतातले खेकडे भरलेले असतात, आणि देवीला हंगामातलं उत्तमच द्यायचं ना!

भात कापला की जमिनीत ओल उरते, आणि त्या ओलीवर वाल. वर पाणी नाही, खत नाही. राहिलेल्या ओलाव्यावर आणि थंडीतल्या दवावर तो वाढतो. रायगडचा कडवा वाल बाहेरच्या वालापेक्षा बारीक आणि चवीला किंचित कडू, आणि त्या कडवटपणाशिवाय बिरडं अपुरं. हिरव्या शेंगा भरतात त्या पौषाच्या सुमाराला, आणि तेव्हा पोपटी. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधूनमधून बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला गच्च. मडकं शेतात उपडं मारून भोवती पेंढा-गवऱ्यांचा जाळ. आत थेंबभर पाणी घालत नाहीत. पाल्याची आणि शेंगांची ओलच वाफ धरते. झालं की नाही कळायला मडक्यावर पाणी शिंपडतात; ते क्षणात चुर्र करून उडालं की जाळ ओढायचा. भांबुर्डा हा बांधावरचा तण, जनावरंही त्याला तोंड लावत नाहीत. त्याचा वास मात्र दुसऱ्या कुठल्याच पाल्याला नाही, आणि शेंग जून झाली की पोपटीचा हंगामही संपला. हल्ली रिसॉर्टवाले वर्षभर पोपटी देतात. फ्रिजमधल्या शेंगा आणि गॅसची भट्टी. त्याबद्दल न बोललेलं बरं.

शिमग्यानंतरचा उन्हाळा खाण्यापेक्षा साठवण्याचा. करवंदं, जांभळं, फणस, रातांबे येतात आणि निम्मे पुढच्या पावसासाठी वाळत पडतात.

या विषयावर आजवर काय लिहिलं गेलं, तेही पाहायला हवं. ऋतू आणि आहार यांची सांगड आपल्याकडे फार जुनी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहा ऋतूंची चर्या आहे, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लासात राजाच्या पानातले पदार्थ, माशांसकट, वर्णिले. सतराव्या शतकातलं रघुनाथ नवहस्त यांचं भोजनकुतूहल तंजावरच्या मराठी दरबाराशी जोडलेलं. या परंपरेचा प्रश्न ‘काय खाल्लं तर प्रकृती सांभाळेल’ हा आहे. मोलाचा आहेच, पण त्यात रानात जाऊन भाजी खुडणारी बाई दिसत नाही.

दुसरी परंपरा छापील पाककृतींची. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० च्या सुमाराचं आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. या पुस्तकांनी मोजमाप आणलं, वाटी-चमच्याची शिस्त आणली, परगावी एकट्या पडलेल्या सुनांना हात दिला. पण मोजमापासाठी जिन्नस बारा महिने सारखा लागतो, आणि ऋतू तिथेच गळून पडला. ‘एक वाटी पालेभाजी’ असं लिहिलं की मृगातलं पान आणि श्रावणातलं पान एकच होतं. तिसरी वाट ललित लेखनाची. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. त्याच दुर्गाबाईंनी पुढे ‘खमंग’ लिहिलं. एकाच माणसाने ऋतूंचं निरीक्षणही करावं आणि चुलीशीही बसावं, हे मराठीत विरळा. आमच्या संग्रहाला कुणाचं ऋण मान्य करायचं असेल तर ते त्यांचं. चौथी वाट उशिरा उघडली. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं आणि मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाने मराठी खाद्यलेखनाला विचारलं, आजवर आम्ही कुठे होतो?

महाडमध्ये हा प्रश्न टाळणं तर केवळ अशक्य. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करणाऱ्या १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह तळ्याचं पाणी घेतलं. नंतर अफवा उठली, आणि तिथे भरलेल्या परिषदेच्या मांडवात जेवत असलेल्या माणसांवर जमाव चालून गेला. शिजवलेलं अन्न मातीत मिसळलं. पाण्याच्या लढ्याच्या इतिहासात ही अन्नाची ओळ लोक वाचून पुढे जातात. महाडच्या जेवणाबद्दल लिहिणाऱ्याला तिथे थांबावं लागतं. कोणाच्या विहिरीचं पाणी, कोणाच्या हातचं, कोणत्या बांधावरचा मासा कोणाचा, हे सगळं ठरलेलं होतं. ‘ऋतू सर्वांना सारखाच’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, खरं नाही. कातकऱ्यांना कंदमुळांची जी जाण आहे तिच्यामागे जमीन नसण्याची कित्येक दशकं आहेत. कडूकंदाच्या चकत्या करून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून त्यातलं विष काढण्याची पद्धत अद्भुत खरी. पण ती गरज असलेल्यांनी शोधली. बाकीच्यांना तांदूळ होता.

म्हणूनच इथल्या स्वयंपाकाची एकच एक शैली मानता येत नाही. कुणबी-मराठा घरांची भात-नाचणी-वालाची शैली, कातकरी आणि डोंगरातल्या धनगरांची रानाची आणि दुधाची, बौद्ध घरांची, पेठेतल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची सोड्यांची खिचडी आणि बिरडं, खाडीकाठच्या कोकणी मुसलमानांची नारळाच्या दुधाची. शेवळं यांतल्या बहुतेक घरांत शिजतात, आणि प्रत्येक घर म्हणतं, खरी आमचीच. शिवाय एक शैली मुंबईत आहे. या दोन तालुक्यांतून गिरणगावात गेलेल्या माणसांमागोमाग सुकट, कुळीथ, वाल आणि तांदळाचं पीठ पिशव्यांतून एसटीने गेलं. चाकरमान्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत ऋतू गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर पोचायचा, दोन दिवस उशिरा आणि थोडा कोमेजलेला.

आता हे लिहायची घाई का? एक कारण नदी. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांनंतर सावित्रीतले मासे मरण्याच्या बातम्या येत राहिल्या आहेत. जुने लोक ज्या माशांची नावं घेतात त्यांतले काही आता पोरांना दाखवायला मिळत नाहीत. दुसरं, तणनाशक. बांधावर एकदा फवारा मारला की टाकळा, कुर्डू, भांबुर्डा सगळे एकदम जातात, आणि मजूर मिळत नाहीत म्हणून फवारा मारणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा? तिसरं, डोंगरातली वरकस शेती. डुकरं आणि माकडं नाचणी-वरी ठेवत नाहीत, तरुण मुंबई-पुण्यात, आणि वाडीत उरलेली म्हातारी माणसं रेशनच्या तांदळावर. पाऊस स्वतःही बदलला. २२ जुलै २०२१ ला वरून घाटातला पाऊस आणि खालून भरती यांच्या कात्रीत महाड शहर बुडालं, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी जीव घेतले. त्याआधी २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. ज्या पावसाबद्दल हे पुस्तक इतक्या मायेने बोलतं तो हाच पाऊस, हे विसरून लिहिलेलं ऋतुवर्णन मला खोटं वाटतं.

वलगणीबद्दल आमच्यात वाद झाला. अंडी घालायला निघालेला मासा धरायची कृती छापावी का? पूर्वी हत्यारं लहान, माणसं थोडी आणि वलगण दोन-तीन रात्रींची. धरले त्याहून चढून गेलेले मासे पुष्कळ. आता कुठे विजेचा झटका, कुठे ब्लीचिंग पावडर, आणि पऱ्ह्यात काही उरत नाही. बिवा सरोवराकाठच्या शिगा प्रांतात हाच प्रश्न आला, तेव्हा त्यांनी शेतात चढायला माशांसाठी पायऱ्या केल्या, पिल्लं वाढेपर्यंत पाणी धरून ठेवलं आणि त्या शेतातला तांदूळ वेगळ्या नावाने, जरा चढ्या भावाने विकला. आपल्याकडे हे जमणार नाही असं मला वाटत नाही. कृती आम्ही छापली, पण पहिल्या रात्रीचे मासे जाऊ द्यावेत असं तिच्यावरच लिहिलं आहे.

रानभाज्यांना अलीकडे चांगले दिवस आले आहेत. महोत्सव होतात, स्पर्धा होतात, प्रत्येक भाजीसमोर ती कोणत्या आजारावर चालते त्याची पाटी लागते. आनंद आहे. पण भाजी म्हणजे औषधाची गोळी नव्हे, आणि वर्षातून एकदा हौसेने खाणाऱ्यांच्या मागणीसाठी शेवळं कंदासकट उपटली गेली तर पुढच्या मृगाला काय उगवणार? दुसरीकडे मुंबई-पुण्यात सुशीची दुकानं वाढली आणि त्यांत सर्वांत खपणारा मासा सॅमन. तो कच्चा खायची सवय जपानलाही १९८० च्या दशकात नॉर्वेच्या विक्रेत्यांनी लावली. पिंजऱ्यात वाढवलेला, बारा महिने सारखा केशरी. म्हणजे ऋतू हरवण्यात टोकियो आणि महाड फार लांब नाहीत.

या संग्रहात कृती आहेत, पण हे पाककृतींचं पुस्तक म्हणून आम्ही रचलेलं नाही. मांडणी नक्षत्रांची आहे, पदार्थांची नाही. एकच भाजी तीनदा भेटेल, कारण ती तीनदा बदलते. मोजमाप जिथे सांगणाऱ्याने दिलं तिथे दिलं, ‘हाताला कळतं’ म्हटलं तिथे हाताला काय कळतं ते विचारून लिहिलं: पान चुरगळल्यावर येणारा वास, देठ मोडल्याचा आवाज, शिजताना पाण्याचा बदलणारा रंग. कडूकंद आणि रानातल्या अळंब्या यांची माहिती आहे, करून पाहायची शिफारस नाही. ओळखणारं माणूस बरोबर नसेल तर हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केलेल्या शिकारीच्या कृती लोकांनी सांगितल्या, आठवणी म्हणून त्या ठेवल्या, कृती म्हणून काढल्या. बोली जिची तिच्या तोंडी तशीच राहू दिली. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली आणि महाडच्या पेठेतली एकाच भाजीची नावं वेगळी असतील तर दोन्ही आहेत.

एका जागी मात्र आम्हाला हार खावी लागली. शेवळांना काकडाची फळंच हवीत, की चिंच-आमसुलावरही भागतं? डोंगराकडच्या बायका म्हणाल्या, काकडं नसतील तर शेवळं आणूच नयेत. पेठेतल्या म्हणाल्या, आमच्या आज्ज्या चिंचेवर करत आल्या, कुणाचा घसा धरला नाही. हा वाद आमच्यासमोर चांगला तासभर चालला, चहा झाला, मुद्दे संपले, कुणीच मागे हटलं नाही. दोन्ही कृती समोरासमोरच्या पानांवर छापल्या आहेत.